हरल्या गावाचं नाव

संतराम वस्तादाच्या घरात हरण्याला दार वेगळं होतं.

कुस्ती मारून आलेला गडी पुढच्या दारानं यायचा. डोक्याला बक्षिसाचा फेटा, पुढं हलगी, मागं निम्मं नरसी गाव. उंबऱ्यावर त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि तो फेटा ओसरीच्या खुंटीवर चढायचा तो कायमचा. पडून आलेल्यानं मात्र गोठ्यावरून वळसा घ्यायचा आणि चुलीमागच्या दारानं गुमान आत शिरायचं. त्याला कुणी काही विचारायचं नाही, त्यानं कुणाला काही सांगायचं नाही. आणि एवढ्यावरच भागत नव्हतं. ज्या गावात पाठ लागली त्या गावाचं नावसुद्धा पुन्हा त्या घरात निघायचं नाही. नाव घेतलं की तिथली माती परत पाठीला चिकटते, असं संतरामाचा बाप सांगून गेला होता, आणि मेलेल्या माणसाशी वाद घालायला कोण बसलंय!

आता पहिलवानांचं घर म्हटल्यावर दोन-तीन पिढ्यांत पाठी कुठं कुठं लागल्या असतील याचा तुम्हीच विचार करा. मुलखातली बरीच गावं त्या घरापुरती उठून गेली होती. 'कयाधूच्या पल्याडचं', 'नांदेडच्या वाटेवर लागतं ते', 'औंढ्याच्या अंगाला बाजार भरतो तिथलं' असं हातवारे करत बोलणं चालायचं. नव्या माणसाला वाटावं, हे लोक बोलतात की वाट दाखवतात! खुद्द घरधनीण गोजरबाई, तिनं आपल्या माहेराचं नाव घेऊन वीस-बावीस वर्षं झाली होती. ती लग्न होऊन आली त्याच साली संतराम तिच्या माहेरच्या जत्रेत पडला होता. तेव्हापासून ती नुसतं 'माहेरी' म्हणायची. पहिली दोन वर्षं जिभेवर नाव यायचं आणि ती गिळून टाकायची. मग गिळायचीही सवय झाली.

पण गेल्या काही दिवसांत त्या घरात एक उलटीच गोष्ट होऊन बसली होती. तीन गावांची नावं उठता-बसता कानावर येत होती. सेनगाव, बाळापूर, हट्टा. या तिन्ही ठिकाणी संतरामाचा पोरगा माणिक एका वर्षात पडला होता, आणि हे वर्ष त्याच्या लग्नाचं होतं. नेम असा की हरल्या गावाचं नाव घ्यायचं नाही. पण सून नवी आलेली असली की नेमाला फाटे फुटतात.

फाटे फोडायला संतरामाची थोरली बहीण शकुबाई संक्रांतीपासून येऊन राहिली होती. तिचं सासर गोरेगावचं, जीभ मात्र साऱ्या परगण्याची. ओसरीवर बसून ती खुंट्यांकडं बोट करायची.

"बघ गं गोजरे. लगनाच्या आधी हे एवढे फेटे. एक दिस पाठीला माती न्हाई पोराच्या. आन् लगीन झालं तसा एक तरी फेटा आला का? पोरीचा पायच पांढरा हाय. दुसरं काय?"

शकुबाईच्या नणंदेची एक पोरगी लग्नाची होती, हेही गोजरबाईला ठाऊक होतं. पण ठाऊक असून काय करता? फेटे खुंटीवर समोर लटकत होते. तांबडे, पिवळे, एक जरीच्या काठाचा. भिंतीनंच साक्ष दिली म्हटल्यावर माणसाचं कोण ऐकतं?

सून शालू बोलायची नाही. अठरा-एकोणीस वर्षांची, कामाला वाघीण, हसरी आली होती आणि वर्षात मुकी झाली. माणिक तालमीत निघाला की ती गोठ्यात जाऊन उभी राहायची, निघताना त्याला आपलं तोंड दिसू नये म्हणून. एकदा ती पाय धूत असताना गोजरबाईनं बघितलं, पोरीनं तळपायांना मेंदी लावली होती. सण नाही, सूद नाही. पाय तांबडे दिसावेत, एवढ्याचसाठी. गोजरबाईनं बघितलं न बघितलं केलं आणि आत येऊन उगाच भांडी घासत बसली.

मग शकुबाईनं पुढचा डाव टाकला. शिवरात्रीला औंढ्याचा कुस्त्यांचा फड. "तिथं पोरगं उठलं तर ठीक. पडलं, तर दुसऱ्या दिशी पोरीला माहेरी पोचवून यायची. पुन्ना आनायची न्हाई. व्हय का न्हाई रे संतराम?"

संतराम मिशीला पीळ देत राहिला. तो 'व्हय' म्हणाला नाही. पण वस्ताद नाही म्हणाला नाही तर ते होच असतं, हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

शिवरात्र तोंडावर आली आणि त्याच सुमारास हिंगोलीपर्यंत आगगाडीनं आलेला डॉक्टर कंधारकर गावं फिरत फिरत नरसीला येऊन दाखल झाला. निजामाचं राज्य होतं, दूर कुठंतरी मोठी लढाई चालू होती, आणि हा शहाणा माणूस हैदराबादेहून पहिलवान मोजत निघाला होता. तेल लावलेले केस, जाड भिंगांचा चष्मा, काडीसारखे हात. तालमीतले गडी त्याला बघून गालात हसले. डॉक्टरला शोधायचं होतं एवढंच, की पहिलवानाच्या खुराकाचा आणि कुस्तीचा खरोखर काही संबंध आहे का. कोण काय खातो, किती खातो, अंगानं किती भरतो, आणि फडात त्याचं काय होतं, हे गावोगाव विचारायचं आणि सगळ्याचा मिळून ताळा बघायचा. एकट्या-दुकट्याची गोष्ट ऐकून काही कळत नाही, शंभर जणांची ऐकली म्हणजे कळतं, असं त्याचं म्हणणं.

वजनासाठी त्यानं हिंगोलीच्या पुनमचंद शेठचा कापूस तोलायचा काटा बैलगाडीत घालून आणला होता. गडी एकेक करून काट्याला लोंबकळले. "रुईची गाठ बांधा रे याची!" म्हणून गावानं हसून घेतलं.

खुराकाच्या सवालाला मात्र सगळे छाती काढून उभे राहिले. दूध किती पितोस? पाच शेर. तू? पाच शेर. तू रे? सहा! डॉक्टरनं ऐकून घेतलं, मग गावातून एक फेरी मारली, दारोदारच्या म्हशी बघितल्या आणि परत येऊन वस्तादाला म्हणाला, "वस्ताद, तुमचे गडी सांगतात तेवढं दूध या गावात निघत असतं, तर कयाधू नदीला पाण्याची गरज नव्हती. आता मी दूध काढणाऱ्या बायकांना विचारतो. घरी चला."

असा तो डॉक्टर संतरामाच्या ओसरीवर येऊन बसला. गोजरबाई तेव्हा चिंचा फोडत बसली होती. माघ महिना, चिंचेचे दिवस, ओसरीभर चिंचोके पसरलेले. शकुबाई खांबाला टेकून होती. माणिक खालमानेनं पायरीवर बसला. शालू आत, दाराच्या फळीआड.

"मावशी, पोराला दूध किती देता? खरं सांगा," डॉक्टर म्हणाला.

"दीड शेर," गोजरबाई म्हणाली. "म्हस गाभन नसली तर."

संतराम खाकरला. माणिकला हसू आलं ते त्यानं दाबलं. डॉक्टरनं ते मांडून घेतलं आणि वस्तादाकडं वळला. "आता कुस्त्या सांगा."

इथं संतरामाची छाती फुगली. एकेका फेट्याकडं बोट करत तो सांगू लागला. हा नरसीच्या जत्रेतला, हा साखऱ्याचा, हा शिरडचा, हा जरीचा परभणीचा. डॉक्टर लिहीत गेला. सगळे फेटे झाले तेव्हा त्यानं विचारलं, "बराबर. आणि पडला त्या?"

फेट्यांकडं रोखलेलं संतरामाचं बोट खाली आलं.

"आमच्या घरात पडल्याचं नाव निघत न्हाई," संतराम म्हणाला.

"वस्ताद, मेहेरबानी करून ऐका. सुपात राहिलेले दाणे तुम्ही मला दाखवता. पण पाखडताना फोल किती उडालं, तेही कळायला पाहिजे. नाहीतर रान कसं पिकलं ते मी कशावरून सांगू? मला मारलेली कुस्ती जेवढी लागते तेवढीच पडलेलीही लागते. सगळेच वस्ताद मला मारलेल्याच सांगायला लागले, तर माझ्या हिशेबात या मुलखात कुणी कधी पडलंच नाही. मग मारली कुणाला, भिंतीला?"

शकुबाई पुढं सरकली. अशी संधी ती सोडते होय! "मी सांगते की डाक्टरसायब. लगनाच्या आधी एकबी न्हाई. लगीन झाल्यावर तीन. सेनगाव, बाळापूर, हट्टा. सून पांढऱ्या पायाची मिळाली आमाला. लिवा तुमी."

आत फळी करकरली. डॉक्टरनं लेखणी खाली ठेवली. तो रागावला नाही, पण चष्मा काढून पुसत बसला, आणि चष्मा पुसणारा माणूस राग गिळत असतो.

"आक्का, हट्ट्याचा गडी मी मागच्या आठवड्यात याच काट्यावर तोलला. या पोरापेक्षा अर्धा मण जड आहे. बाळापूरचाही तसाच. वस्ताद, एवढ्या जड जोड्या पूर्वी लावत होता का?"

संतराम चुळबुळला. "पूर्वी पोरगं होतं. आता लगीन झाल्याला गडी. लहान जोडीवर उतरवला तर लोक काय म्हनतील?"

"म्हणजे जोड तुम्ही बदलली आणि पाय पोरीचा पांढरा." डॉक्टरनं ओसरीवरचा एक चिंचोका उचलला, अडकित्त्यानं मधोमध फोडला. एक अंग पांढरं, एक काळं. सारीपाटाला बायका घेतात तसा. "हे घ्या आक्का. टाका. पांढरं वर आलं तर कुस्ती मारली, काळं आलं तर पडला. टाकत राहा."

शकुबाईला खेळ आवडला. तिनं टाकला. पांढरं. पुन्हा पांढरं. काळं. पांढरं. ती हसून टाकत गेली. काळं. काळं. काळं. आणखी एकदा काळं. तिचा हात थांबला.

"ह्या वेळी कुणाची सून आली होती हो?" डॉक्टर म्हणाला.

माणिक फिस्सकन हसला. संतरामाची मिशीसुद्धा हलली. पण शकुबाई हार मानणारी नव्हती. तिनं चिंचोका फेकून दिला. "खेळातलं खेळात. लागोपाठ तीन पडत असतील, मी न्हाई म्हनत न्हाई. पर आधी तर एकदाबी काळा न्हाई पडला! त्याचं काय? येवढे फेटे, आन् एक बी काळा न्हाई?"

"हां," डॉक्टर म्हणाला. "सवाल इथंच आहे. मापटं एकच पाहिजे. आधीचं ज्यानं मोजलं त्यानंच नंतरचं मोजायचं. आधीच्या पडलेल्या सांगणारं या घरात कुणी आहे का?"

त्यानं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. संतरामानं नजर छताला लावली, माणिकनं पायरीला. डॉक्टरनं सुस्कारा सोडला आणि कागद गुंडाळायला घेतले.

गोजरबाईचे हात चिंचेनं चिकट झाले होते. त्या हातांकडं ती बघत राहिली. याच हातांनी तिनं पोराच्या खांद्याला एरंडाचं पान तापवून बांधलं होतं, हळद-मीठ लावलं होतं, कानातलं रक्त पुसलं होतं. लग्नाच्या कितीतरी आधी. चुलीमागच्या दारानं आलेलं पोरगं तिनंच घरात घेतलं होतं, दर वेळी. पण तोंडानं ती त्या गोष्टी बोलली नव्हती, आणि न बोललेली गोष्ट आपण स्वतःही अर्धी विसरतो. ती आठवू लागली. कोणतं गाव? खांदा कुठं गेला होता? आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं की आठवायची गरजच नाही. सगळं घरात जसंच्या तसं ठेवलेलं आहे.

"वन्सं," ती म्हणाली. "सुनेला तुमी माहेरी पोचवायला निघाल्या. कोन्त्या गावाला पोचवनार?"

"त्येच की. औंढ्याच्या अंगाला, बाजार भरतो तिथलं."

"नाव काय त्याचं?"

शकुबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"काहून घेत न्हाई नाव?" गोजरबाईनं हातातली चिंच खाली ठेवली. "वन्सं, ही पोरगी या घरात आली तवापासून तिच्या माहेराचं नाव कुनी घेतलं न्हाई. सोयरीक ठरली तवाबी 'त्या बाजाराच्या गावची पोरगी' म्हनूनच ठरली. काहून? माणिक तिथं पडला होता म्हनून! लगनाच्या आधी, दोन सालं आधी. जवळा बाजार. घेतलं मी नाव. जवळा बाजार!"

संतराम ताडकन उठून उभा राहिला. "गोजरे!"

तिला भीती वाटली. इतकी वर्षं झाली, नवऱ्याच्या या आवाजापुढं ती कधी बोलली नव्हती. पण फळीआडून एक हुंदका आला आणि तिच्या अंगात कुठलं बळ आलं कुणास ठाऊक.

"लिवा डाक्टरसायब. ज्या गावाचं नाव आमच्या घरात निघत न्हाई, तिथं तिथं आमी पडलोय. फेटे खुंटीवर हायेत, आन् पडलेल्या समद्या आमच्या जिभेखाली. कळमनुरी. तिथं उजवा खांदा गेला. वारंगा. तिथं कानातून रगत आलं. गुडघा सुजला त्या साली तर लागोपाठ पडला, पोरगं तीनदा मागच्या दारानं आलं. तवा सून कुठं होती? तवा कुनाचा पाय पांढरा होता?"

डॉक्टर भराभर लिहीत होता. दर नावाला त्यानं काळ्या अंगाचा एक चिंचोका जमिनीवर मांडला, आणि दर फेट्याला पांढऱ्या अंगाचा एक त्याच्या वर. ओळ वाढत गेली. दोन फेट्यांमागं एक पडलेली, अशी काहीतरी ती रांग दिसू लागली, आणि लग्नानंतरच्या तीन काळ्या त्या रांगेच्या शेवटी ठेवल्या तेव्हा त्या मुद्दाम शोधाव्या लागल्या असत्या, इतक्या त्यात मिसळून गेल्या.

"मीबी बघितलं होतं," आतून बारीक आवाज आला. शालू दारात येऊन उभी होती, पदर तोंडावर धरून. वर्षभरात ती मोठ्या माणसांपुढं पहिल्यांदा बोलत होती. "जवळ्याला. आमी पोरी माळवदावरून फड बघत होतो. हे पडले. आन् उठून त्यांनी त्या दुसऱ्या गड्याच्या अंगाची माती झटकली. आमचे बाबा म्हनले, पोरगी द्यावी तर अशाला."

माणिकनं मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते. जत्रेजत्रेत पाठी लागलेला तो दांडगा गडी बाहीनं नाक पुसायला लागला. त्याला घरात कुणी कधी सांगितलंच नव्हतं की त्याला पडलेला बघूनही कुणी पसंत केलं होतं.

गोजरबाईचं एकच राहिलं होतं. ते बोलावं की नाही, तिला कळेना. मग ती नवऱ्याकडं न बघता बोलली. "आन् एक लिवा. ही माझ्या पोराची न्हाई. मी या घरात आले त्या साली माझ्या माहेराला जत्रेत एक मोठा फड झाला. डोंगरकडा. तिथं ह्यांची पाठ लागली. माझी सासू गप बसली. नेमच होता तसा. तिनं त्या येळी तोंड उघडून या वन्संसारखा हिशेब केला असता, तर मी कुन्या पायाची ठरले असते?"

संतराम उभा होता तो उभाच राहिला. मग त्यानं खांद्यावरचं उपरणं झटकलं, पायरी उतरला आणि तालमीच्या वाटेनं निघून गेला. मागं वळून बघितलं नाही.

"झालं समाधान?" शकुबाई म्हणाली. तिचा आवाज मात्र पहिल्याएवढा चढला नाही. "बापजाद्याचा नेम मोडला तू. आता औंढ्याला काय व्हईल ते बघ."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी काट्यासकट पुढच्या गावाला गेला. जाताना तो गोजरबाईला म्हणाला, की अजून त्याचं काम अर्धंही झालेलं नाही, दुधानं कुस्ती जिंकता येते की नाही हे अजून त्यालाच माहीत नाही. "पण मावशी, तुम्ही सांगितलं तसं खरं बाकीच्या घरांनी सांगितलं, तर कधीतरी कळेल."

ते कळो न कळो, गोजरबाईचे पुढचे दिवस वाईट गेले. संतराम बोलेना. जेवायला यायचा, ताटावर बसायचा, उठून जायचा. रागावला असता तर बरं, असं तिला वाटायचं. राग ओळखीचा होता. तिला झोप लागेना. आपण हिशेब खरा मांडला, पण खऱ्या हिशेबानं सून घरात राहतेच असं थोडंच आहे? पोरगं औंढ्याला पडलं, की नेम मोडणारीही तीच आणि पोरगी घालवणारीही तीच. पाण्यात पडल्यावर पोहण्यावाचून इलाज नसतो म्हणून ती कामं उरकत राहिली.

शिवरात्रीच्या सकाळी गाडी जुंपली. शालू सवयीनं गोठ्याकडं वळली. गोजरबाईनं तिचा दंड धरला आणि ओढत पुढच्या दाराशी आणली. "दही दे त्याच्या हातावर. तोंड बघू दे त्याला." शालूच्या हातून दही अर्धं उंबऱ्यावर सांडलं. माणिकनं उरलेलं चाटून घेतलं आणि तिच्याकडं बघून हसला. संतराम गाडीत बसून समोर बैलांच्या शिंगांकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपार टळून गेली. गोजरबाई दळण घेऊन बसली होती, पण जातं थांबवून थांबवून कान लावत होती. जिंकून येतात तेव्हा वेशीपासून हलगी ऐकू येते. आज बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, चाकांचा आला, हलगीचा आला नाही.

ती जातं सोडून उठली. शकुबाई उठून पदर सावरत ओसरीवर आली. आत शालूनं स्वतःच आपलं लुगड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं, सकाळपासून. ते बघून गोजरबाईला वाटलं की आता आपण दारात आडवं पडावं, पण हे गाठोडं बाहेर जाऊ देऊ नये.

गाडी थांबली. माणिक उतरला. डोकं उघडं, डावा खांदा उतरलेला, सदऱ्याला माती. त्यानं कुणाकडं बघितलं नाही. पाय आपोआप गोठ्याच्या बाजूला वळले.

"कुठं चालला?" संतराम गाडीतूनच ओरडला. एवढ्या दिवसांत गोजरबाईनं त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "दार हितं हाय!"

माणिक थबकला. संतराम खाली उतरला, पोराच्या धडक्या खांद्याला हात घालून त्याला पुढच्या दाराशी घेऊन आला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "औंढ्याला पडला! बराबरीच्या जोडीशी लढला, घामाघूम केला गड्याला, आन् शेवटी धोबीपछाडीवर पडला. पुढच्या साली तो डाव शिकून जाऊ." मग बहिणीकडं वळून, "आक्का, गाडी जुंपलेलीच हाय. गोरेगावला जायचं असंल तर बैलं पानी पिऊ दे, मी सोडून येतो."

शकुबाई फणकारली, पण उंबऱ्यावर माणिकवरून भाकरतुकडा तिनंच ओवाळला. तेवढं मोठं मन तिचंही होतं. शालू गाठोडं तसंच टाकून चुलीकडं पळाली, एरंडाची पानं तापवायला. जाताना तिचं पैंजण वाजलं, वर्षभरात पहिल्यांदा इतकं खळखळून.

गोजरबाई खांबाला धरून उभी राहिली. रडू येत होतं ते येऊ दिलं.

संतराम पाय धुवायला तिच्याजवळ आला. तांब्या तिच्या हातातून घेतला आणि खालीच बघत म्हणाला, "पुढल्या महिन्यात डोंगरकड्याची जत्रा हाय. चल संगं. लई वर्सं झाली तुला जाऊन."

तिनं ऐकलं होतं. चांगलं ऐकलं होतं. तरी पदरानं डोळे पुसत तिनं विचारलं, "कोन्त्या गावाला म्हनला?"

"डोंगरकड्याला," संतराम म्हणाला, आणि पायावर पाणी ओतून घेतलं.